‘मिल्क’ बघणाऱ्यांसाठी : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्वी मिल्क या समलिंगी नेत्यावरचा ‘मिल्क’ हा अमेरिकन चित्रपट मी गेली अनेक वर्षं भेटेल त्याला बघायला सांगतो. मग प्रश्न येतात, काही बघण्याआधी, काही बघून झाल्यावर रात्री उशिरा. मित्र विचारतात, भाचे विचारतात, आमच्या गटात नव्यानं येणारी मुलं विचारतात, एकदा आईनंही विचारलं. पुष्कळदा प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. मी स्वतः गे आहे, आणि तालुक्याच्या गावात, नगरपालिकेच्या प्रत्येक निवडणुकीत राबणाऱ्या वडिलांच्या घरात वाढलो. उत्तरांमध्ये या दोन्ही गोष्टी येणारच.

हा हार्वी मिल्क नेमका कोण?

सॅन फ्रान्सिस्कोचा नगरसेवक. तिथल्या सभागृहाला ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’ म्हणतात. जन्म २२ मे १९३०, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, ज्यू कुटुंबात. नौदलात होता, शाळेत शिकवलं, वॉल स्ट्रीटवर नोकरी केली. १९७२ साली जोडीदार स्कॉट स्मिथबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि पुढच्या वर्षी दोघांनी कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचं दुकान काढलं. नोव्हेंबर १९७७ मध्ये निवडून आला, जानेवारीत शपथ घेतली आणि २७ नोव्हेंबर १९७८ रोजी सिटी हॉलमध्येच त्याचा खून झाला. म्हणजे पद मिळालं ते वर्षभरसुद्धा नाही.

शेवट आधीच कळला. आता बघण्यात काय अर्थ?

शेवट चित्रपटच सुरुवातीला सांगून टाकतो. महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि हार्वी मिल्क यांना गोळ्या घालून मारलं गेलं आहे, अशी घोषणा करणाऱ्या सभागृहाच्या अध्यक्षा डायन फाइनस्टाइन पहिल्या काही मिनिटांतच दिसतात, आणि ते चित्रण खरं, त्या दिवशीचं आहे. त्याच्याही आधी आणखी जुनं, कृष्णधवल चित्रण आहे : गे बारवर पोलिसांची धाड, गाडीत कोंबले जाणारे पुरुष, सगळ्यांचे हात तोंडावर. एक जण हातातलं पेय कॅमेऱ्याच्या दिशेनं फेकतो. या माणसांना उद्याच्या पेपरात चेहरा येण्याची भीती आहे, आणि पुढची दोन तास गोष्ट अशा माणसाची आहे जो आपला चेहरा खांबाखांबावर चिकटवत फिरतो. दिग्दर्शक गस व्हॅन सँट यानं ही दोन चित्रं शेजारी ठेवली, तिथेच चित्रपट माझ्यासाठी उभा राहिला.

मग मिल्क स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून टेप रेकॉर्डरवर बोलताना दिसतो. माझा खून झाला तरच ही टेप ऐकवावी, असं तो सांगतो. हेही खरं आहे. निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर १९७७ मध्ये, त्यानं अशी टेप केली होती.

मला राजकारणाचा कंटाळा आहे. तरी बघू?

बघाच. राजकारण म्हणजे भाषणं आणि पक्षांतरं, असं वाटत असेल तर आधी बघा. यात एक माणूस पडतो, पुन्हा उभा राहतो, पुन्हा पडतो. १९७३ साली ३२ उमेदवारांत दहावा. १९७५ साली सातवा, आणि जागा होत्या सहा. १९७६ साली राज्याच्या विधानसभेसाठी उभा राहिला, तिथेही हरला. मध्येच त्यानं लांब केस कापले, सूट चढवला. त्या सुटातल्या हार्वीकडे स्कॉट ज्या नजरेनं बघतो ती बघून ठेवा. पुढे तो घर सोडून का जातो हे मग कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तो हरत का होता, याचं उत्तर वॉर्डात काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. तोवर सगळ्या शहरानं मिळून सगळे सुपरवायझर निवडायची पद्धत होती. कॅस्ट्रो ही समलिंगींची वस्ती पाठीशी असून भागत नसे. १९७६ साली मतदारांनी वॉर्डनिहाय निवडणुकीचा ठराव मंजूर केला, १९७७ ची निवडणूक तशी झाली आणि मिल्क पाच नंबरच्या वॉर्डातून आला. त्याच निवडणुकीत चिनी वंशाचे गॉर्डन लाउ आले, एला हिल हच ही कृष्णवर्णीय स्त्री आली, एकट्यानं मूल वाढवणारी कॅरल रूथ सिल्व्हर आली. ज्यांना सगळं शहर कधी निवडून देत नव्हतं त्यांना त्यांच्या त्यांच्या गल्ल्यांनी निवडून दिलं. पुण्यात २०१७ साली चार नगरसेवकांचा प्रभाग झाला तेव्हा मला हेच आठवत होतं. प्रभाग जितका मोठा, तितका लहान गट त्यात विरघळून जातो. चित्रपटात ही बाब दोन वाक्यांत उरकली आहे. माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे.

आणि व्यवहार बघा. ट्रकचालकांच्या टीमस्टर्स युनियनला कूर्स बिअरवर बहिष्कार घालायचा होता. मिल्कनं गे बारवाल्यांना ती बिअर बंद करायला लावली आणि बदल्यात युनियनकडे मागितलं एवढंच : बिअरच्या गाड्यांवर आमची मुलं नोकरीला घ्या. सहानुभूती मागितली नाही. निवडून आल्यावर कुत्र्याची घाण मालकानं उचलावी असा नियम त्यानं आणला आणि बागेत कॅमेऱ्यांसमोर मुद्दाम त्या घाणीत पाय दिला. लोक हसतात त्या प्रसंगाला. माझे वडील असते तर हसले नसते. गटार, नळ आणि दिवाबत्ती ज्याला जमते त्यालाच लोक दुसरा विषय बोलू देतात, हे त्यांचं ठाम मत होतं.

निवडून आलेला पहिला गे नेता हाच का?

नाही. अमेरिकेत १९७४ सालीच मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर शहरात कॅथी कोझाचेंको आणि मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात एलेन नोबल निवडून आल्या होत्या. दोघी उघडपणे लेस्बियन. मिल्क हा कॅलिफोर्नियात निवडून आलेला पहिला उघड गे पुरुष. तरी पोस्टरवर तोच राहिला आणि त्या दोघी फारशा कुणाला माहीत नाहीत, याची खंत वाटते.

ते ‘प्रपोझिशन ६’ काय प्रकरण आहे? चित्रपटात पटकन समजत नाही.

कॅलिफोर्नियात पुरेशा सह्या गोळा केल्या की एखादा कायदा थेट मतदारांपुढे ठेवता येतो. जॉन ब्रिग्ज या राज्य सिनेटरनं असा एक कायदा आणला. सरकारी शाळेतले समलिंगी शिक्षक आणि कर्मचारी काढून टाकता यावेत, एवढ्यावर तो थांबत नव्हता. समलैंगिकतेच्या बाजूनं जाहीर बोलणारा कुणीही, स्वतः समलिंगी नसलेलासुद्धा, त्यात सापडू शकत होता. वारं ब्रिग्जच्या बाजूचं होतं. वर्षभर आधी, जून १९७७ मध्ये, फ्लोरिडातल्या डेड काउंटीत गायिका अनिता ब्रायंट हिच्या मोहिमेनं समलिंगींना संरक्षण देणारा नियम मतदानानं रद्द करवला होता, आणि मग एकेका शहरात तेच चाललं होतं. उन्हाळ्यातल्या पाहण्यांमध्ये प्रपोझिशन ६ आरामात जिंकत होतं.

७ नोव्हेंबर १९७८ ला ते पडलं. सुमारे ५८ टक्के लोक विरोधात गेले. रोनाल्ड रेगनसारख्या कडव्या उजव्या नेत्यानंही विरोध केला होता, कारण एखाद्या नापास पोरानं आकसानं तक्रार केली तरी कुठलाही शिक्षक गोत्यात येईल हे त्याला दिसत होतं. शिक्षक समलिंगी असला तर मुलं त्याचं अनुकरण करतील, या ब्रिग्जच्या मुद्द्याला मिल्क सभेत जे उत्तर देतो ते ऐकण्यासारखं आहे. ते इथे सांगून मजा घालवत नाही.

माझा एक मित्र शाळेत शिक्षक आहे. गणित शिकवतो, दहावीची जादा बॅच घेतो, मुलं त्याच्यावर जीव टाकतात. स्टाफरूममध्ये लग्नाचा विषय निघाला की तो वह्या तपासायला घेतो. हा भाग आम्ही एकत्र बघितला तेव्हा त्यानं चित्रपट थांबवायला सांगितलं आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिला. आपल्याकडे असा कायदा कुणी आणलेला नाही. तरी त्याला त्याची धास्ती पुरेपूर माहीत आहे.

‘घरी सांगा’ हा मिल्कचा आग्रह तुला पटतो का?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो, आणि विचारणारी मुलं बहुतेक विशीतली असतात.

आधी त्याचं म्हणणं नीट समजून घेऊ. २५ जून १९७८ च्या मोठ्या मोर्चात केलेल्या भाषणात त्यानं लोकांना सांगितलं : आईवडिलांना सांगा, नातेवाइकांना सांगा, मित्रांना, शेजाऱ्यांना, जिथे काम करता तिथे, जिथे खरेदी करता त्या दुकानात सांगा. चित्रपटात तर तो खोलीत जमलेल्या कार्यकर्त्यांपैकी एकाच्या हातात फोनच देतो. मन मोकळं होईल म्हणून तो हे म्हणत नव्हता. ज्या मतदाराच्या ओळखीत एक तरी समलिंगी माणूस आहे तो आपल्या विरोधात सहसा मत देत नाही, हे त्याला दारोदार फिरून कळलं होतं. प्रपोझिशन ६ पाडायचं तर लाखो मतदारांना कळायला हवं होतं की हे ज्याच्याबद्दल चाललंय तो आपलाच भाचा आहे, आपलीच डॉक्टरीण आहे.

मी तिशी उलटल्यावर घरी सांगितलं. नोकरी होती, पुण्यात भाड्याचं का होईना पण स्वतःचं घर होतं. आई रडली. वडील काहीच बोलले नाहीत. निवडणूक आली की ते मतदार याद्या घेऊन ओट्यावर बसायचे, लाल-निळ्या पेन्सिलीनं खुणा करत : हे घर आपलं, हे काठावरचं, हे सोडून द्या. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा तसेच यादी घेऊन बसले होते. वर न बघता म्हणाले, “आपल्या वॉर्डात तुझ्यासारखे किती असतील?” मी म्हणालो, कसं सांगणार, कुणी बोलतच नाही. तर म्हणाले, “मग तुमच्याकडे मत मागायला कोण येणार?”

त्यांनी ‘मिल्क’ बघितला नव्हता. पण मिल्कचं सगळं राजकारण मला इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी समजावलेलं नाही.

तरीही विशीतल्या मुलांना मी फोन हातात देत नाही. ज्याची फी घरून येते, जिला सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी स्थळं बघायला लागतील, जिचा मोबाइल काढून घेतला जाईल, त्यांना आधी पायावर उभं राहू द्या. आपल्याकडे घर सुटलं की गाव, भावकी, सणवार, सगळंच सुटतं. मिल्कच्या काळी घरच्यांनी हाकललेल्या पोरांना उतरायला कॅस्ट्रो होतं. आपल्याकडच्या पोरानं कुठे उतरायचं? पण ज्यांची नोकरी पक्की आहे, डोक्यावर छप्पर आहे, चाळिशी आली आहे, त्यांच्याबाबतीत मला मिल्कचा आग्रह पूर्ण मान्य आहे. आपण गप्प बसतो त्याची किंमत त्या विशीतल्या पोरांना मोजावी लागते.

डॅन व्हाइटनं खून का केला? तो खरंच स्वतः गे होता का?

चित्रपट तसं सुचवतो, मिल्कच्या तोंडी तसा संशय घालतो. मला ते आवडलेलं नाही. त्याला आधार काही नाही, आणि आपल्याला मारणाराही आतून आपल्यातलाच असणार, हे म्हणणं फार सोपं आहे.

जे घडलं ते असं. व्हाइट आधी पोलीस, मग अग्निशमन दलात. तोही १९७७ मध्येच वॉर्ड पद्धतीतून आला. त्याच्या वॉर्डात तरुणांसाठीचं मनोरुग्ण केंद्र येऊ घातलं होतं, ते त्याला नको होतं. मिल्क आपल्या बाजूनं मत देईल असं तो धरून चालला होता. मिल्कनं ते दिलं नाही. सभागृहात शब्द फिरला की माणसं वर्षानुवर्षं डूख धरतात, हे गावच्या नगरपालिकेतही मी बघितलंय. पुढे समलिंगींना नोकरीत आणि घर भाड्यानं घेताना संरक्षण देणारा ठराव आला तेव्हा विरोधातलं एकमेव मत व्हाइटचं होतं. सुपरवायझरच्या तुटपुंज्या पगारात घर चालेना म्हणून १० नोव्हेंबरला त्यानं राजीनामा दिला, मग मन बदललं आणि जागा परत मागितली. महापौरांनी आधी तयारी दाखवली, मग नकार दिला. २७ तारखेला दारावरचं धातुशोधक यंत्र टाळायला तो तळघराच्या खिडकीतून आत शिरला, आधी मॉस्कोनी आणि मग मिल्क यांना मारलं.

मनुष्यवधाच्या आरोपाखाली त्याला सात वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली, खुनाचा आरोप टिकला नाही. निकालाचा दिवस २१ मे १९७९. त्या रात्री शहरात दंगल उसळली, पोलिसांच्या गाड्या जळल्या, आणि नंतर पोलीस कॅस्ट्रोतल्या एका बारमध्ये घुसून लोकांना झोडपत सुटले. दुसऱ्या दिवशी मिल्कचा वाढदिवस होता. चित्रपटात यातलं काही नाही, शिक्षेची माहिती शेवटी पाटीवर येते.

मॉस्कोनींबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण त्यांना कुणी विचारत नाही. १९७५ साली कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढणारं विधेयक सिनेटमध्ये २०-२० असं अडकलं होतं. बहुमताचे नेते मॉस्कोनी होते. त्यांनी सभागृह धरून ठेवलं, उपराज्यपालांना विमानानं बोलावून घेतलं आणि निर्णायक मत मिळवलं. आपल्याकडे कलम ३७७ च्या बाबतीत हेच व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला.

शॉन पेन स्वतः गे नाही. मग ही भूमिका त्यानं का केली?

आज कदाचित गे अभिनेत्याला मिळाली असती आणि ते योग्यच झालं असतं. पण त्याचं काम बघा. एरवी पडद्यावर रागीट वाटणारा हा नट इथे सतत हसतो, हात हलवत बोलतो, समोरच्याच्या खांद्याला स्पर्श करतो. मतं मागणाऱ्या माणसाचं शरीर त्यानं बरोबर पकडलंय. या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. पटकथेचं ऑस्कर डस्टिन लान्स ब्लॅकला मिळालं, आणि तो स्वतः गे आहे.

चित्रपटात काय खटकलं?

बायका. प्रपोझिशन ६ वर ब्रिग्जशी झालेल्या टीव्हीवरच्या वादात मिल्कच्या शेजारी सॅली गियरहार्ट बसली होती, विद्यापीठात शिकवणारी लेस्बियन प्राध्यापिका. तिनं ब्रिग्जची आकडेवारी तिथल्या तिथे खोडून काढली होती. चित्रपटात ती औषधालाही नाही. मोहीम सांभाळणारी अ‍ॅन क्रोननबर्ग तेवढी लक्षात राहते. आपल्याकडच्या चळवळीचा इतिहास लिहितानाही हेच होत आलंय, म्हणून जास्त लागतं.

तुझा आवडता प्रसंग?

रस्त्यावर पडलेली शिट्टी. तेव्हा कॅस्ट्रोतली मुलं खिशात शिट्टी ठेवायची; कुणी मारायला धावलं की वाजवायची, आणि आसपासचे धावत यायचे. एका तरुणाचा खून होतो. मिल्क आणि पोलीस त्याबद्दल बोलतात, आणि ते सगळं बोलणं आपल्याला त्या शिट्टीच्या चकचकीत अंगावर, वाकडंतिकडं, प्रतिबिंबात दिसतं. शिट्टीवर रक्त आहे. शिट्टी वाजली तरी या वेळी कुणी पोचलं नाही, हे एकही शब्द न उच्चारता सांगितलंय.

आपल्याकडे असं कुणी झालं का?

निवडणुकीच्या मैदानात आपल्याकडे ट्रान्स समाज पुढे गेला आहे, गे पुरुष मागे राहिलेत. मध्य प्रदेशातल्या सोहागपूरमधून शबनम मौसी आमदार झाल्या. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ साली माउली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्ञानदेव कांबळे यांना थेट सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला अंजली पाटील यांचा अर्ज आधी फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, तिथे जिंकल्या आणि २०२१ साली ग्रामपंचायतीतही निवडून आल्या. वॉर्डातून सुरुवात करायची, हा धडा या मंडळींना कुठल्या चित्रपटातून शिकावा लागला नाही.

बाकी आपण जे मिळवलं ते बहुतेक कोर्टातून. ते मोठंच आहे. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाचा प्रश्न संसदेचा आहे असं सांगितलं, तेव्हा वडिलांचा प्रश्न पुन्हा समोर आला. संसदेत सुप्रिया सुळे यांनी २०२२ साली या विषयावर खासगी विधेयक मांडलं होतं. त्यांच्या पाठीशी किती मतदार उभे आहेत हे त्यांना तरी कसं कळणार, आपण बोललोच नाही तर?

आईवडिलांबरोबर बघता येईल का?

बघता येईल, पण आधी एकदा एकट्यानं बघा. चुंबनं आहेत, सुरुवातीचे काही प्रसंग जवळीकीचे आहेत, शिव्या आहेत. मिल्कचा नंतरचा जोडीदार जॅक लिरा गळफास घेतो तो प्रसंग आहे. तुमच्या घरात किंवा तुमच्या मनात तो विषय ताजा असेल तर सोबत कुणीतरी हवं. लहान मुलांसाठी हा चित्रपट नाही.

मी आईबरोबर बघितला. तिला इंग्रजी फार कळत नाही, मी अधूनमधून सांगत होतो. संपल्यावर तिनं विचारलं, “त्याची आई होती का तेव्हा?” नव्हती. ती १९६२ सालीच वारली होती, मुलगा राजकारणात पडायच्या कितीतरी आधी. आई म्हणाली, “मग त्याच्या बाजूनं घरचं कोण होतं?” मी स्कॉटचं नाव घेतलं. तिला ते पटलं, कारण सोडून गेल्यावरही तो परत येतो हे तिनं बरोबर हेरलं होतं.

यानंतर काय बघू?

रॉब एपस्टाइन यांचा १९८४ सालचा, मिल्कवरचाच माहितीपट. त्यालाही ऑस्कर मिळालं होतं. चित्रपट आधी आणि माहितीपट नंतर, याच क्रमानं बघा, कारण चित्रपटात राहून गेलेली सॅली गियरहार्ट तिथे स्वतः बोलते. युनियनचा एक यांत्रिकी कामगारही त्यात आहे. समलिंगी माणसांबद्दल आधी आपण काय समजत होतो आणि मिल्कबरोबर काम केल्यावर काय समजलो, हे तो कॅमेऱ्याकडे बघून आडपडदा न ठेवता सांगतो. घरात जो कुणी सगळ्यात हटवादी असेल, त्याला निदान तेवढा भाग दाखवा.